रोजचे गोड आणि सणाचे गोड

साखर सोडण्याविषयीची चर्चा सहसा दोन टोकांना जाऊन थांबते. एका टोकाला साखरेला पांढरे विष ठरवून तिचा समूळ त्याग सांगणारे उपदेशक असतात, तर दुसऱ्या टोकाला मागच्या पिढ्यांनी ताटभर पुरणपोळ्या खाऊनही त्यांचे काही बिघडले नाही, असा दाखला देऊन साराच विषय झटकून टाकणारे परंपरेचे वकील असतात. दोघांचेही लक्ष साखर या पदार्थावर खिळलेले असते आणि ती कोणत्या वेळी, कितीदा आणि कोणत्या निमित्ताने पोटात जाते, याचा विचार दोघांकडूनही राहून जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की गोडाला दिनक्रमातून काढून पुन्हा प्रसंगाच्या स्वाधीन करणे हा साखर कमी करण्याचा सर्वांत सुसंगत मार्ग आहे. आणि साखरेच्या जागी गूळ, मध किंवा कृत्रिम गोडी आणून दिनक्रम जसाच्या तसा ठेवला, तर या मार्गावर एक पाऊलही पुढे पडत नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी प्रथम एक संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचना सर्व प्रकारच्या शर्करेविषयी नसून ‘मुक्त शर्करे’विषयी आहेत. स्वयंपाकात, कारखान्यात किंवा ताटात वरून घातलेली साखर आणि गूळ, तसेच मध, पाक आणि फळांचा रस यांत असलेली शर्करा, या सर्वांचा मुक्त शर्करेत समावेश होतो. अख्ख्या फळातील आणि दुधातील शर्करा मात्र तिच्यातून वगळलेली आहे. अख्खे फळ खाताना त्यातील तंतुमय भाग शर्करेच्या शोषणाचा वेग मंदावतो आणि पोटही लवकर भरते. दिवसभराच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी उष्मांक मुक्त शर्करेतून यावेत, आणि शक्य झाल्यास हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आणावे, असे या सूचना सांगतात. दिवसाला २,००० उष्मांक घेणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी पहिली मर्यादा ५० ग्रॅमची आणि दुसरी २५ ग्रॅमची होते.

ही मर्यादा भारतीय संदर्भात किती तोकडी ठरते, हे साध्या हिशेबाने कळते. देशात वर्षाला सुमारे २८० लाख टन साखर खपते. लोकसंख्येने भागले तर माणशी दिवसाला ५० ग्रॅमहून थोडी अधिक साखर येते आणि त्यात गुळाची गणना नाही. सरासरी ही नेहमीच फसवी असते, कारण तिच्यात चहालाही साखर न परवडणारी कुटुंबे आणि दिवसातून दोनदा शीतपेय पिणारी कुटुंबे एकत्र मोजली जातात. शहरी मध्यमवर्गाचा वाटा सरासरीपेक्षा बराच वरचा असणार, हे उघड आहे. कपाला दोन चमचे साखर घातलेला चहा दिवसातून तीनदा घेतला की २५ ग्रॅमची मर्यादा तिथेच संपते आणि ३०० मिलिलिटर कोलाच्या एका बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते. यातले काहीही ‘गोडधोड’ म्हणून खाल्लेले नसते. देशातील साखरेचा निम्म्याहून अधिक भाग घरच्या डब्यात न येता बिस्किटे, मिठाया, शीतपेये आणि इतर तयार पदार्थांच्या उत्पादनात जातो, ही बाब लक्षात घेतली तर साखरेचा मोठा हिस्सा खाणाऱ्याच्या नकळत पोटात जातो, असेच म्हणावे लागते.

गोडाची ओढ उपजत आहे, यात शंका नाही. नवजात अर्भकाच्या जिभेवर गोड थेंब पडला की त्याचा चेहरा निवळतो आणि कडू थेंब पडला की आक्रसतो. आईच्या दुधात सुमारे ७ टक्के दुग्धशर्करा असते आणि पिकलेले फळ ओळखण्याची हीच खूण मानवाच्या पूर्वजांना उपयोगी पडली. परंतु ही ओढ ज्या परिस्थितीत घडली, त्या परिस्थितीत गोड दुर्मीळ होते. मधाचे पोळे रोज सापडत नसे आणि फळांना हंगाम असे. ऊस पिळून, रस आटवून त्याचे खडे करण्याची विद्या भारतात विकसित झाली आणि येथून ती पश्चिमेकडे गेली, तरी अनेक शतके साखर ही औषधाची, नैवेद्याची आणि श्रीमंतांच्या मेजवानीची वस्तू राहिली. तिचे रोजच्या उष्मांकात रूपांतर कसे झाले, याचा शोध अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ सिडनी मिंट्झ यांनी ‘स्वीटनेस अँड पॉवर’ या १९८५ च्या ग्रंथात घेतला. कॅरिबियन बेटांवर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमातून निघालेली साखर इंग्लंडमध्ये प्रथम दरबारात, मग मध्यमवर्गात आणि अखेरीस कारखान्यातील मजुराच्या चहाच्या पेल्यात पोहोचली. स्वस्त, गरम आणि तात्पुरती तरतरी देणारे हे पेय खऱ्या जेवणाची जागा घेऊ लागले. भारतातही हीच वाट थोड्या उशिराने दिसते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चहाउद्योगाने मोहिमा काढून चहा देशभर रुजवला आणि चहाबरोबर साखरही दिवसातून अनेकदा घरात शिरली. रेशनची साखर रांगेत उभे राहून मोजून घ्यावी लागे, तोवर या सवयीला आपोआप मर्यादा होती. साखर बाजारात मुबलक झाली आणि कारखान्यांवरील लेव्ही साखरेचे, म्हणजे रेशनसाठी ठरावीक हिस्सा सरकारला देण्याचे, बंधनही २०१३ मध्ये गेले, तोवर टंचाईचा हा लगाम केव्हाच सुटला होता.

मराठी समाजाच्या जुन्या आहारपद्धतीकडे या दृष्टीने पाहिले तर तिच्यात गोडाचे निश्चित वेळापत्रक आढळते. संक्रांतीला तिळगूळ, होळीला पुरणपोळी, पाडव्याला श्रीखंड आणि साखरेच्या गाठी, आंब्याच्या दिवसांत आमरस, गणपतीला मोदक, कोजागरीला आटीव दूध, दिवाळीला फराळ. ईदेला शिरखुर्मा आणि गोव्यात नाताळला दोदोल, नेवऱ्या आणि बेबिंका. प्रत्येक पदार्थामागे तिथी, ऋतू, श्रम आणि अनेक माणसांची सोबत असे. पुरण शिजवून वाटणे आणि पोळ्या लाटणे हे काम इतके वेळखाऊ होते की ते रोज करणे अशक्य होते. त्यामुळे संयमाचा उपदेश न करताही संयम साधला जात होता. रोजच्या आमटीत गुळाचा खडा किंवा कोशिंबिरीत चिमूटभर साखर पडे, पण तिचे काम चिंचेचा किंवा दह्याचा आंबटपणा सावरण्याचे असे. पुरणपोळीचा दाखला देणारे परंपरेचे वकील या रचनेचा अर्धाच भाग सांगतात. मागच्या पिढीने पुरणपोळ्या खाल्ल्या हे खरे. परंतु त्या वर्षातून मोजक्या दिवशी खाल्ल्या आणि उरलेले दिवस भाकरी, कालवण आणि शेतातील कष्ट यांचे होते, हेही तितकेच खरे.

अतिगोडाविषयीची सावधगिरीही या परंपरेला परकी नाही. चरकसंहिता मधुर रसाला सहा रसांत अग्रस्थान देते, तो बलकारक आणि पोषक आहे असे सांगते, आणि त्याच वेळी त्याच्या अतिसेवनाने स्थूलता, आळस आणि जडत्व येते असेही बजावते. प्रमेह या विकाराच्या कारणांत सुखासीन बसणे, अतिझोप, दही-दूध आणि नवे धान्य यांच्या बरोबरीने गुळापासून केलेल्या पदार्थांचा उल्लेख तिथे आहे आणि लघवीकडे मुंग्या धावणे हे त्या विकाराचे पूर्वलक्षण म्हणून नोंदवलेले आहे. गूळ नैसर्गिक आहे म्हणून तो कितीही खावा, या आजच्या समजुतीला निदान या ग्रंथात तरी आधार सापडत नाही.

आधुनिक विज्ञानाच्या बाजूने पाहता, साखरेच्या एका रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन शर्करा जोडलेल्या असतात. ग्लुकोजचा वापर शरीरातील बहुतेक पेशी करतात. फ्रुक्टोजचा निचरा मात्र मुख्यतः यकृताला करावा लागतो आणि ते सातत्याने जादा आले तर यकृतात त्याची चरबी होऊ लागते. हे धोके विसाव्या शतकाच्या मध्यावरच काही संशोधकांना जाणवले होते. ब्रिटिश आहारशास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी १९७२ मध्ये ‘प्युअर, व्हाइट अँड डेडली’ हे पुस्तक लिहून साखरेकडे बोट दाखवले, परंतु त्या काळी हृदयविकाराचा सारा दोष चरबीवर टाकणारा प्रवाह अधिक प्रबळ होता. या प्रवाहाला अमेरिकेतील साखर उद्योगानेही हातभार लावला होता. उद्योगाच्या संस्थेने हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांना पैसे देऊन चरबीवर भर देणारा आढावा लिहून घेतला, तो १९६७ मध्ये एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि ही देवाणघेवाण जुन्या कागदपत्रांच्या आधारे २०१६ मध्ये उघडकीस आली. पुढच्या काळात ‘चरबीमुक्त’ म्हणून विकल्या गेलेल्या अनेक पदार्थांत चव राखण्यासाठी साखरच वाढवली गेली.

प्रमाणाइतकेच वेळापत्रकही महत्त्वाचे असते, या मुद्द्याला सर्वांत स्पष्ट पुरावा दातांच्या अभ्यासातून मिळाला, जरी तो मिळवण्याची रीत निंद्य होती. स्वीडनमधील लुंड शहरातल्या व्हिपेहोल्म या मतिमंद व्यक्तींच्या संस्थेत १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात, रहिवाशांची संमती न घेता, त्यांना वेगवेगळ्या प्रकारे साखर खायला देण्यात आली. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने दात फारसे किडले नाहीत. जेवणांच्या मधल्या वेळात वारंवार दिलेल्या चिकट टॉफीने मात्र ते झपाट्याने किडले, कारण तोंडातील जिवाणू शर्करेपासून आम्ल बनवतात आणि प्रत्येक खाण्यागणिक दातांवर या आम्लाचा नवा हल्ला होतो. या निष्कर्षानंतर स्वीडनमध्ये मुलांना मिठाई फक्त शनिवारी देण्याची सवय प्रचारातून रुजवली गेली आणि ती तेथे आजही टिकून आहे. प्रमाणाच्या बाजूचा पुरावा ब्रिटनमधील रेशनिंगचा आहे. युद्धकाळात लागू झालेले साखरेचे रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि प्रौढांचे साखरेचे सेवन दिवसाला सुमारे ४० ग्रॅमवरून थोड्याच काळात ८० ग्रॅमच्या आसपास गेले. रेशनिंगच्या काळात गर्भावस्था आणि जन्मानंतरची पहिली दोन वर्षे काढलेल्या व्यक्तींची त्यानंतर जन्मलेल्यांशी तुलना करणारा अभ्यास २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यात पहिल्या गटाला दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा धोका सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. येथे नोंद घेण्याजोगी गोष्ट ही की रेशनिंगमध्ये साखरेवर बंदी नव्हती; रेशनचे प्रमाण आजच्या मार्गदर्शक मर्यादेच्या जवळपास होते.

येथे साखरत्यागाच्या समर्थकांचा एक लाडका दावा तपासून घेणे प्रामाणिकपणाचे ठरेल. काही आठवडे गोड बंद केले की जीभ बदलते आणि गोडाची इच्छाच मरते, असे सर्रास सांगितले जाते. फिलाडेल्फियातील मोनेल केंद्राच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन महिने साखर कमी केलेल्या व्यक्तींना तोच पदार्थ पूर्वीपेक्षा अधिक गोड लागू लागला, परंतु त्यांना आवडणाऱ्या गोडीची पातळी काही बदलली नाही. नेदरलँड्स आणि ब्रिटनमधील संशोधकांनी सुमारे १८० प्रौढांवर सहा महिने केलेल्या चाचणीतही गोड चवीचे पदार्थ कमी-जास्त केल्याने गोडाची आवड घटली किंवा वाढली नाही. साखरेला अमली पदार्थांच्या पंक्तीत बसवणारा दावाही मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांतून आलेला आहे आणि मानसविकारांच्या प्रचलित वर्गीकरणात साखरेचे व्यसन हा स्वतंत्र विकार मानलेला नाही. या निष्कर्षांमुळे साखर कमी करण्याचा युक्तिवाद कोसळत नाही, उलट तो योग्य जागी येतो. गोडाची आवड जाणार नसेल, तर ती मारण्याच्या प्रतिज्ञा व्यर्थ आहेत. आवड राहील असे गृहीत धरून तिला केव्हा वाव द्यायचा, हे ठरवणे एवढेच माणसाच्या हाती उरते. फिक्या चहाची सवय काही आठवड्यांत होते, हा अनेकांचा अनुभव खरा आहे. पण ती त्या एका पेयाची सवय असते आणि त्या व्यक्तीला दिवाळीतील अनारसा पूर्वीइतकाच आवडतो. हे तिचे अपयश मानण्याचे कारण नाही.

याच कसोटीवर पर्यायी गोडी देणाऱ्या पदार्थांचे मूल्यमापन करता येते. गुळात लोह आणि इतर खनिजे अल्प प्रमाणात असतात, परंतु त्याचा मुख्य घटक साखरच आहे. मधातही सुमारे चार-पंचमांश भाग शर्करेचाच असतो. साखरेचा चहा सोडून गुळाचा चहा दिवसातून चारदा पिणाऱ्याने पदार्थाचे नाव बदलले, आहार बदलला नाही. अस्पार्टेम, सुक्रालोज किंवा स्टिव्हिया यांसारखे पदार्थ उष्मांक जवळजवळ न देता गोडी देतात, आणि मधुमेही व्यक्तींना त्यांचा मर्यादित उपयोग होऊ शकतो. परंतु वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून त्यांचा वापर करू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये केली, कारण दीर्घकालीन अभ्यासांत त्यांचा तसा लाभ दिसून आला नाही. मधुमेह असलेल्यांना ही शिफारस लागू नाही. वैद्यकीय प्रश्न बाजूला ठेवला तरी सांस्कृतिक प्रश्न उरतोच: प्रत्येक पेय गोडच असले पाहिजे ही अपेक्षा हे पदार्थ जिवंत ठेवतात आणि पाणी, ताक किंवा फिका चहा यांना त्यामुळे ताटाजवळ जागाच मिळत नाही.

या भूमिकेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की भारतीयांच्या चयापचयाच्या विकारांचे खापर एकट्या साखरेवर फोडणे चूक आहे. हा आक्षेप बरोबर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी सर्वेक्षणाने २०२३ मध्ये देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला आणि सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. त्याच सर्वेक्षणातून पुढे आलेल्या आहारविषयक निष्कर्षांनुसार भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, ज्यात पांढरा भात आणि दळलेले धान्य यांचा वाटा मोठा आहे. साखर कमी करून भाताचा डोंगर तसाच ठेवला तर लाभ मर्यादित राहील. तरीही सुरुवात साखरेपासून करण्यास कारण आहे: भात गरिबाची भूक भागवतो, तर चहातील तिसऱ्या चमच्याने कोणाचीही भूक भागत नाही.

दुसरा आक्षेप महाराष्ट्रात स्वाभाविकपणे उठतो, तो ऊस उत्पादकांचा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास उभा राहिलेला सहकारी कारखाना आणि त्याच्या मागोमाग आलेली कारखानदारी यांनी ग्रामीण महाराष्ट्राचे अर्थकारण घडवले. साखर कमी खा म्हणणे म्हणजे त्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय देणे होय, असे म्हटले जाते. परंतु उसाचा एक मोठा हिस्सा आता इथेनॉलकडे वळतो आहे आणि कारखान्यांचे भवितव्य केवळ साखरेच्या पोत्यांवर अवलंबून राहिलेले नाही. शिवाय एखाद्या पिकाला आधार देणे हे शासनाच्या कृषिधोरणाचे काम आहे. ते काम नागरिकाच्या स्वादुपिंडावर सोपवता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: हा सारा भार व्यक्तीच्या निग्रहावर टाकणे अन्याय्य आहे, कारण बाजारच साखरेने भरलेला आहे. याचे उत्तर व्यक्ती आणि शासन अशा दोघांच्या वाट्याला येते. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून शीतपेयांवर लावलेला कर पेयातील साखरेच्या प्रमाणानुसार वाढतो, त्यामुळे उत्पादकांनी कर टाळण्यासाठी पेयांतील साखरच कमी केली. भारतात सप्टेंबर २०२५ च्या वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत कार्बोनेटेड पेयांवर ४० टक्के कर कायम झाला, तर बिस्किटे, चॉकलेटे आणि आइस्क्रीम ५ टक्क्यांच्या गटात आली. ही विभागणी पदार्थाच्या प्रकारावर आधारलेली असल्याने साखर कमी करणाऱ्या उत्पादकाला तिच्यातून कोणतेही बक्षीस मिळत नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना माल्टयुक्त पेये ‘आरोग्यपेये’ या विभागातून काढण्याची सूचना दिली आणि मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. ही पावले स्वागतार्ह आहेत, पण फलकाखालीच उपाहारगृहात शीतपेय विकले जात असेल तर त्यांचा उपयोग नाही.

गोडाचे जुने वेळापत्रक श्रमाने आणि टंचाईने राखले होते; ती दोन्ही आता उरलेली नाहीत, म्हणून त्यांचे काम जाणीवपूर्वक केलेल्या नियमांना करावे लागेल. चहातील साखर टप्प्याटप्प्याने बंद करणे, शीतपेये आणि डब्यातील फळरस घरात न आणणे, दोन वर्षांखालील बालकाच्या अन्नात साखर वा गूळ न घालणे, वेष्टनावरील घटकांच्या यादीत ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप अशी नावे वाचून घेणे, आणि पाहुण्याला न विचारता साखरेचा चहा पुढे न करणे, एवढे नियम बहुतेक घरांना पाळता येण्याजोगे आहेत. त्यांतून वाचलेले गोड सणाच्या ताटात निःसंकोच वाढावे आणि अपराधाची भावना न बाळगता खावे. मराठी घरांनी आपल्या पंचांगात गोडाला जी जागा दिली होती ती त्याला परत द्यावी, आणि बाकीच्या दिवशी मुलांच्या पेल्यात पाणी, ताक किंवा साधे दूध असावे, याची जबाबदारी घरातील मोठ्यांनी घ्यावी.